जपानशी मैत्री : वर्धा जिल्ह्याचा अनुभव

सेवाग्राम आश्रमातील सर्वधर्मप्रार्थनेस प्रथमच उपस्थित राहणाऱ्या पाहुण्यास एका गोष्टीचे नवल वाटते. प्रार्थनेचा प्रारंभ संस्कृत श्लोकाने अथवा मराठी अभंगाने होत नाही. तो ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी बौद्ध मंत्राने होतो. सद्धर्मपुंडरीक सूत्रास वंदन, असा त्याचा आशय आहे. विदर्भातील एका खेड्यात हा मंत्र कसा आला आणि ज्या काळात भारत व जपान युद्धातील परस्परविरोधी बाजूंना होते त्या काळातही तो कसा टिकला, हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. दोन देशांतील सामान्य माणसांची मैत्री कशाने जुळते, कशाने तुटते आणि तुटल्यावर कशाच्या आधाराने पुन्हा उभी राहते, याचा तो एक वस्तुपाठ आहे.

या वस्तुपाठाला दुसरीही एक बाजू आहे आणि ती कापसाची आहे. भिक्षूंच्या पुष्कळ आधी जपानची व वर्धा-वऱ्हाडच्या मुलखाची ओळख झाली ती रुईच्या गाठींमधून. मैत्री आणि व्यापार या दोन्ही धाग्यांचा एकत्र विचार केल्याशिवाय या संबंधांचे खरे स्वरूप ध्यानात येणार नाही.

मैत्रीसंस्थांचा उगम

दोन देशांत मैत्री व व्यापार वाढावा म्हणून नागरिकांनी स्थापन केलेल्या, नफ्याचा हेतू नसलेल्या संस्था ही आधुनिक काळातील एक महत्त्वाची सामाजिक निर्मिती होय. सरकारे तह करतात, व्यापारी सौदे करतात. परंतु परक्या देशातील माणसाची भाषा, रीतिरिवाज आणि अडचणी समजून घेण्याचे काम या दोघांच्याही कक्षेत पुरतेपणी येत नाही. ती उणीव अशा संस्था भरून काढतात. भाषावर्ग, व्याख्याने, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, पाहुण्यांचे आदरातिथ्य, व्यापाऱ्यांना माहिती व परिचय करून देणे, ही त्यांची नित्याची कामे असतात. शिल्लक उरलेला पैसा सभासदांत वाटला जात नाही. तो संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच खर्च होतो.

न्यूयॉर्क येथे १९०७ मध्ये स्थापन झालेली जपान सोसायटी ही जपान व अमेरिका यांच्यातील अशा संस्थांपैकी एक जुनी व नामांकित संस्था आहे. भारताच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, तिच्याही चार वर्षे आधी, म्हणजे १९०३ मध्ये, तोक्यो येथे जपान-भारत संघाची स्थापना झाली होती. काउंट ओकुमा शिगेनोबू, नागाओका मोरियोशी आणि उद्योगपती शिबुसावा एइइची हे त्याचे संस्थापक. हा संघ आजही कार्यरत आहे.

यांपैकी शिबुसावा यांचे चरित्र या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. जपानमध्ये आधुनिक बँका व कापडगिरण्या उभारणाऱ्या या गृहस्थांची १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्याशी भेट झाली. त्या वेळी मुंबईहून जपानला जाणाऱ्या कापसाची वाहतूक एका ब्रिटिश आगबोट कंपनीच्या प्रभावाखाली होती आणि भाडे भरमसाट होते. टाटा व जपानी गिरणीवाले यांच्या सहकार्याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीची कोबे-मुंबई आगबोट सेवा सुरू झाली. प्रतिस्पर्धी कंपनीने भाडे तोट्यात जाईल इतके खाली आणले. तरीही जपानी गिरण्यांनी आपला कापूस नव्या बोटींनीच नेण्याचा करार पाळला व ही सेवा टिकून राहिली. अमेरिकेशी मैत्री वाढविण्यासाठीही शिबुसावा असेच झटले. १९०९ मध्ये जपानी व्यावसायिकांचे शिष्टमंडळ घेऊन त्यांनी अमेरिकेचा दीर्घ दौरा केला. १९२७ मध्ये अमेरिकेतील मुलांनी जपानी मुलांसाठी सुमारे बारा हजार बाहुल्या पाठविल्या. त्यांच्या स्वागताची आणि परतभेट म्हणून ५८ जपानी बाहुल्या पाठविण्याची व्यवस्था त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. जपानने २०२४ मध्ये दहा हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचेच चित्र छापले आहे.

परंतु याच काळात, १९२४ मध्ये, अमेरिकेने कायदा करून जपानी लोकांना आपल्या देशात स्थायिक होण्यास मज्जाव केला होता, हेही विसरता येत नाही. मैत्रीसंस्थांच्या सामर्थ्याला मर्यादा असतात. राष्ट्रांचे हितसंबंध एकमेकांवर आदळू लागले की या संस्थांची कसोटी लागते. वर्धा जिल्ह्यात ही कसोटी कशी लागली ते आता पाहू.

वर्ध्याची रुई

वर्धा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन कापसाला अनुकूल आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडला तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इंग्लंडच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका जातीचेच नाव म्हणून रूढ झाले होते. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि पुलगाव, वर्धा या बाजारपेठांचा मुंबई बंदराशी थेट संबंध जुळला. शेतकऱ्याच्या बंडीतून बाजारात आलेला कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळा होई, प्रेसमध्ये त्याच्या गाठी बांधल्या जात आणि त्या आगगाडीने मुंबईकडे रवाना होत.

मध्य भारतातील हा कापूस बहुतांशी आखूड धाग्याचा होता. लँकेशायरच्या गिरण्यांना तलम सुतासाठी लांब धाग्याचा अमेरिकन कापूस लागे. जपानी गिरण्यांनी मात्र आखूड धाग्याची भारतीय रुई व लांब धाग्याची अमेरिकन रुई यांचे मिश्रण करून जाडेभरडे, स्वस्त सूत काढण्याचे तंत्र विकसित केले. त्यामुळे जपान हा भारतीय कापसाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बनला. मुंबईत कचेऱ्या थाटलेल्या जपानी कंपन्यांची खरेदी देशाच्या अंतर्भागातील बाजारपेठांपर्यंत पोहोचली. ओसाका येथील गिरणीमालकाचा निर्णय आणि हिंगणघाटच्या बाजारातील भाव यांच्यात अशा रीतीने एक अदृश्य दोरी बांधली गेली.

१९३३ : एकाच वर्षातील दोन घटना

ही दोरी १९३३ मध्ये ताणली गेली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव आधीच कोसळले होते. त्यातच येनचे मूल्य घसरल्यामुळे जपानी कापड भारतात अतिशय स्वस्त दराने येऊ लागले. देशी गिरण्यांनी संरक्षणाची मागणी केली. हिंदुस्थान सरकारने एप्रिल १९३३ मध्ये जपानबरोबरचा १९०४ चा व्यापारी करार संपुष्टात आणण्याची सूचना दिली आणि जूनमध्ये ब्रिटनखेरीज इतर देशांच्या सुती कापडावरील आयात कर ७५ टक्क्यांपर्यंत वाढविला. प्रत्युत्तर म्हणून जपानी गिरणीमालकांनी भारतीय कापसाच्या खरेदीवर बहिष्कार पुकारला.

या वादात गिरणीमालकाचे हित व कापूस उत्पादकाचे हित परस्परविरोधी होते. कर वाढला तर गिरणीला दिलासा मिळत होता; पण त्याच्या प्रतिक्रियेने शेतकऱ्याचा ग्राहक जात होता. ज्याने हा वाद निर्माण केला नव्हता त्यालाच त्याची सर्वाधिक झळ बसण्याचा संभव होता.

सप्टेंबर १९३३ मध्ये सिमला येथे उभय पक्षांच्या वाटाघाटी सुरू झाल्या व पुढे दिल्लीत चालू राहिल्या. जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला आणि जपानी गिरण्यांनी बहिष्कार मागे घेतला. या समझोत्यातील सूत्र अभ्यासनीय आहे. जपानने वर्षाला १० लाख गाठी भारतीय कापूस घेतल्यास त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड भारतात पाठविता येईल. खरेदी वाढल्यास प्रत्येक १० हजार गाठींमागे १५ लाख वार अधिक, आणि १५ लाख गाठींना कमाल ४० कोटी वार. याउलट खरेदी १० लाख गाठींहून कमी झाल्यास प्रत्येक १० हजार गाठींमागे २५ लाख वारांची कपात. कापडावरील कर ५० टक्क्यांवर आणण्यात आला. शेतात पिकलेली गाठ आणि बंदरात उतरलेले कापड यांची अशी थेट सांगड यापूर्वी क्वचितच घातली गेली असेल. भावनेला आवाहन करून जे साधले नसते ते येथे स्पष्ट हिशेबाने साधले.

सिमल्यात या वाटाघाटी चालू असतानाच, ४ ऑक्टोबर १९३३ रोजी, वर्ध्यात एक अगदी वेगळी भेट घडत होती. जपानच्या क्युशू बेटावर १८८५ मध्ये जन्मलेले निचिदात्सू फुजी हे बौद्ध भिक्षू १९३१ मध्ये भारतात आले होते. बौद्ध धर्म ज्या भूमीतून जपानला मिळाला त्या भूमीला तो परत द्यावा, ही त्यांची धारणा होती. महात्मा गांधी नुकतेच वर्ध्यास येऊन राहिले होते. त्यांना भेटण्यासाठी फुजी वर्ध्यात आले. पंख्याच्या आकाराचे, एका हाताने धरून काठीने वाजविण्याचे छोटे वाद्य आणि मुखी मंत्र, एवढीच त्यांची सामग्री होती. पुढे गांधीजी त्यांना आदराने ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि फुजी गुरुजी हे नाव सर्वत्र रूढ झाले. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव, म्हणजेच आजच्या सेवाग्राम येथे राहावयास गेल्यानंतर फुजी गुरुजींच्या परिवारातील एक भिक्षू आश्रमात राहिला. तो आश्रमाची कामे इतरांच्या बरोबरीने करी आणि पहाटे व सायंकाळी आपले वाद्य वाजवून मंत्र म्हणे. तो मंत्र हळूहळू आश्रमाच्या प्रार्थनेचाच भाग झाला.

स्पष्टवक्तेपणाची कसोटी

मैत्री म्हणजे दुसऱ्याच्या दोषांकडे डोळेझाक नव्हे, हे गांधीजींनी याच ठिकाणी दाखवून दिले. डिसेंबर १९३८ मध्ये जपानी संसदेचे एक सदस्य ताकाओका त्यांना भेटले. भारत व जपान यांच्यात ऐक्य कसे घडेल, असा त्यांचा प्रश्न होता. जपानने भारताकडे लोभाच्या दृष्टीने पाहणे सोडले तरच ते शक्य आहे, असा गांधीजींच्या उत्तराचा आशय होता. जपान सैन्य घेऊन आला नसला तरी भारताच्या दुर्बलतेचा लाभ उठवून तो आपला हलका माल येथे खपवितो, हे त्यांनी पाहुण्यास तोंडावर सांगितले. युरोपविरोधी आघाडी या अर्थाने ‘आशिया आशियाई लोकांसाठी’ ही घोषणाही त्यांनी मान्य केली नाही. जपानचे सैन्य त्या वेळी चीनमध्ये लढत होते.

ही टीका करणारे वर्धा स्वतः काय करीत होते, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे कार्य उभारले. कच्चा माल बाहेर पाठवून पक्का माल विकत घेणाऱ्या खेड्याने आपल्या गरजेच्या वस्तू स्वतः तयार कराव्यात, हा त्यामागील विचार होता. दुसऱ्याच्या मालास नुसता विरोध न करता आपले सामर्थ्य वाढविणे, ही व्यापारातील असमानतेवरील विधायक उपाययोजना होय.

युद्ध आणि एक लहानसे वाद्य

१९४१ च्या जुलैमध्ये ब्रिटिश साम्राज्यातील जपानी मालमत्ता गोठविण्यात आली व व्यापार थांबला. डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरला. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून सेवाग्राम आश्रमातील जपानी भिक्षूस पोलिसांनी नेले. अमेरिकेतही त्याच सुमारास जपानविषयक संस्थांचे कामकाज बंद पडले. १९२७ मध्ये ज्यांचे गाण्यांनी स्वागत झाले होते त्या बाहुल्यांपैकी अनेक जपानमध्ये शत्रूच्या वस्तू म्हणून जाळल्या गेल्या. काही शिक्षकांनी मात्र त्या लपवून ठेवल्या आणि त्या युद्धानंतर सापडल्या.

सेवाग्राममध्ये काय झाले? जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेस उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध झाले. चीनवरील आक्रमणाचा त्यांनी निःसंदिग्ध निषेध केला आणि जपानी सैन्याचे भारतात स्वागत होईल अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची ठरेल, असे बजावले. परंतु त्याच पत्रात त्यांनी पोलिसांनी नेलेल्या त्या भिक्षूची आठवण केली. त्याची कामसू वृत्ती, शांत स्वभाव व प्रसन्न हास्य यांचा गौरवाने उल्लेख केला आणि त्याने मागे ठेवलेल्या वाद्याच्या साथीने आश्रमाची सकाळ-सायंकाळची प्रार्थना सुरू होत असल्याचे जपानी लोकांना कळविले. जपानच्या राज्यकर्त्यांना विरोध आणि जपानी माणसाविषयी आत्मीयता, या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मावल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १० लाख गाठींचा करार सरकारांच्या एका निर्णयाने संपला. प्रार्थनेतील मंत्र मात्र चालू राहिला. कारण तो कोणत्याही सरकारच्या अनुमतीने सुरू झालेला नव्हता. तो म्हणणाऱ्यांच्या रोजच्या जीवनाचा भाग झाला होता.

युद्धोत्तर काळ

स्वतंत्र भारताने जपानशी नव्याने नाते जोडताना उदार दृष्टी स्वीकारली. जपानी मुलांच्या विनंतीवरून पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये तोक्योच्या प्राणिसंग्रहालयास ‘इंदिरा’ नावाची हत्तीण भेट दिली. ९ जून १९५२ रोजी उभय देशांत स्वतंत्र शांतता तह झाला आणि भारताने युद्धाच्या भरपाईवरील हक्क सोडून दिला. १९५८ मध्ये जपानने येन चलनातील पहिले विकासकर्ज दिले ते भारताला.

ग्रामीण महाराष्ट्राला या मैत्रीचा परिचय झाला तो ‘जपानी पद्धतीची भातशेती’ या शब्दांतून. मुंबईतील बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात या पद्धतीचे प्रारंभीचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून तिचा देशभर प्रसार करण्यात आला. गादीवाफ्यावर रोपे तयार करणे, बियाणे कमी वापरणे, ओळीत लावणी, भरपूर खत आणि ओळींमधून कोळपणी, ही तिची मुख्य अंगे होत. परदेशाच्या अनुभवाचा आपल्या शेतात विचारपूर्वक उपयोग करणे, हाही मैत्रीचाच एक प्रकार होय.

हिरोशिमा व नागासाकीच्या संहारानंतर फुजी गुरुजींनी आपले उर्वरित आयुष्य शांतिस्तूपांच्या उभारणीस वाहिले. १९५४ मध्ये जपानमधील कुमामोतो येथे, १९६९ मध्ये बिहारमधील राजगीर येथे असे स्तूप उभे राहिले. १९७८ चा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार त्यांना देण्यात आला. ९ जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वर्ध्यात गोपुरी येथे, १९८० मध्ये खुल्या झालेल्या गीताई मंदिराच्या शेजारी, त्यांच्या संकल्पनेतील विश्वशांती स्तूप १९९३ मध्ये पूर्ण झाला. ज्या गावात ते एका वाद्यानिशी आले होते तेथे साठ वर्षांनी हे शुभ्र स्मारक उभे राहिले.

राज्याच्या पातळीवरही हे संबंध वाढले आहेत. मुंबई व योकोहामा यांच्यात १९६५ पासून भगिनी-शहरांचे नाते आहे. पुणे येथे ओकायामाच्या मैत्रीचे प्रतीक असलेले उद्यान २००६ मध्ये खुले झाले. महाराष्ट्र व वाकायामा यांच्यात २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला आणि २०१५ मध्ये तेथील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

गावाने घ्यावयाचा बोध

मैत्रीसंस्था अथवा परदेशातील गावाशी, शाळेशी संबंध ही केवळ महानगरांची मिरास नाही. मात्र त्यात उतरण्यापूर्वी वर्ध्याच्या अनुभवातून चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, व्यापार आणि मैत्री यांचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत. व्यापारात देवाणघेवाण स्पष्ट, मोजलेली व लेखी असावी. १९३४ च्या समझोत्याचे बळ त्याच्या आकड्यांत होते. मैत्रीत मात्र लाभाची अट घालू नये.

दुसरी, ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याचे म्हणणे आधी ऐकावे. १९३३ च्या वादात कापूस पिकविणारा शेतकरी सिमल्यापासून फार दूर होता. गावाच्या वतीने कोणताही संबंध जोडताना तो विषय ग्रामसभेपुढे ठेवणे इष्ट ठरेल.

तिसरी, कायदेशीर चौकट पाळावी. महाराष्ट्रात अशी संस्था स्थापन करण्यासाठी किमान सात सदस्य, उद्दिष्टपत्र व नियमावली लागते आणि संस्था नोंदणी अधिनियम, १८६० तसेच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम यांखाली नोंदणी करावी लागते. परदेशातून देणगी घ्यावयाची असल्यास विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० अन्वये नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक आहे. सद्भावनेने घेतलेला पैसाही या परवानगीविना घेता येत नाही.

चौथी, समारंभापेक्षा नित्याच्या कामावर भर द्यावा. पाहुण्यांचे हारतुरे दुसऱ्या दिवशी सुकतात. दर आठवड्याचा भाषावर्ग, दोन शाळांतील मुलांचा पत्रव्यवहार, शेतीतील एखादा सामायिक प्रयोग वर्षानुवर्षे टिकतो.

शिक्षकांना हा विषय इतिहास, भूगोल व गणित या तिन्ही तासांना घेता येईल. जगाच्या नकाशावर हिंगणघाट ते कोबे हा गाठींचा मार्ग विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. जपानने एखाद्या वर्षी १२ लाख गाठी घेतल्यास किती वार कापड येऊ शकेल, हे गणित त्यांना घालावे; उत्तर ३५ कोटी ५० लाख वार येईल. नंतर त्यांना सेवाग्राम व गोपुरी येथे न्यावे आणि सायंप्रार्थनेस बसवावे. सेवाग्रामच्या ज्या भिक्षूस युद्धकाळात शत्रू म्हणून नेण्यात आले, त्याचा मंत्र तेथील माणसांनी आपला मानून जपला, हे त्या वेळी त्यांना सांगावे.